अंधारात राहिलेली जनावरं

मार्चमध्ये न्हाणीघरात पाय घसरला आणि माझा उजवा खुबा मोडला. तेव्हापासून तिसऱ्या मजल्यावरचा हा फ्लॅट एवढंच माझं कोल्हापूर. इमारतीला लिफ्ट नाही. गॅलरीच्या जाळीतून खालची गल्ली दिसते. सकाळी म्हशी जातात, तासाभरानं परत येतात. त्यांचे खूर डांबरावर वाजले की मला दिवस कळतो.

खुरांशी माझा जुना संबंध. कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात मी एकतीस वर्षं परिचर होते. मेलेल्या जनावरांची हाडं साफ करायची, वाळवायची, तारेनं जोडायची, हे माझं काम. कपाटात एका फळीवर पाय ओळीनं लावलेले होते. टापिराच्या, म्हणजे आखूड सोंडेच्या एका रानजनावराच्या, पुढच्या पायाला चार बोटं, गेंड्याला तीन, बैलाला दोन, घोड्याला एक. सून वारली तेव्हा माझी नात विद्याश्री सहा वर्षांची होती. शाळा सुटली की मी तिला तिथं माझ्या स्टुलावर बसवायची. एकदा तिनं विचारलं, "अज्जी, घोड्याची बाकीची बोटं कुणी कापली?"

"कुणी न्हाई. पळायला एकच लागलं. बाकीची आखडत गेली लाखो वर्षांत."

"मग टापिराची का न्हाई गेली?"

"ते चिखलात राहिलं. चिखलात पसरट पाय लागतोय."

त्या दिवसापासून तिनं ते कपाट सोडलं नाही. आता ती सव्वीस वर्षांची आहे आणि एका कॉलेजात तासावर शिकवते. जूनच्या शेवटी तिला कॅनडातल्या एका विद्यापीठाचं पत्र आलं. चार वर्षांचं संशोधन. विषय, पार उत्तर ध्रुवाजवळच्या बेटावर सापडलेले पाच कोटी वर्षांपूर्वीचे दात. टापिराच्या जातीतल्या जनावरांचे.

"तिथं तर बर्फ," मी म्हणाले.

"तवा नव्हता. दलदल होती, रान होतं, सुसरी होत्या. पण सूर्य तसाच. हिवाळ्यात कैक आठवडे उगवायचाच न्हाई."

"मग जनावरं खाली उबेला, उजेडाला येत असतील की."

"न्हाई आली. दातावरनं कळतंय. बारा महिने तिथंच. अंधारात खाल्लं काय, ते शोधायचंय मला."

हे बोलताना ती सहा वर्षांची दिसत होती. तेवढ्यात प्रभुलिंग, माझा मुलगा, कागलच्या एमआयडीसीतून पाळी संपवून आला. त्यानं सगळं ऐकलं, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "जा म्हणायला काय हुतंय? अव्वाला कोण बघणार? मी पाळीवर, बनाबाई भाकरी टाकून अकराला जाती. हिला उठून पाणी घ्यायला यीना."

मी खुर्चीत बसले होते. तिथंच उठायला हवं होतं. कारण मला पाणी घेता येत होतं.

जूनच्या सुरुवातीपासून मी चालत होते. बनाबाई गेली की विद्याश्री दुपारी कॉलेजातून येईपर्यंत घरात मी एकटीच. तेव्हा खुर्चीला रेटा देऊन उठायची, भिंतीला हात लावून स्वयंपाकघर, परत गॅलरी. पुढं भिंतही सुटली. एक दिवस चालत दार उघडून विद्याश्रीला चकित करायचं ठरवलं होतं. पण आधी पत्र आलं. मी तोंड मिटून बसले. मला कुणी धरून ठेवलं नव्हतं. ती गेल्यावर अकरा ते सहा या घरात माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नाही, या भीतीनं मीच तिला धरून ठेवलं. रोज संध्याकाळी ती मला बगलेत हात घालून न्हाणीत न्यायची आणि मी तिच्यावर भार टाकायची. जुलै असाच गेला.

होय की नाही, हे ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी तिनं नकाराचं पत्र लिहून मला वाचून दाखवलं. मग माझ्या पायाशी बसली. माझ्या सपाता काढल्या, उलट्या केल्या, तळावर अंगठा फिरवला.

"दवाखान्यातनं आलीस तवा नव्या आणल्यात्या ह्या," ती म्हणाली. "डावीची टाच गेली. उजवी कमी झिजल्या, म्हणजे तो पाय तू जपतीस. पण चालतीस. रोज. लई."

मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"बसून राहणाऱ्या माणसाच्या सपाता झिजत न्हाईत, अज्जी. मला काय कळत न्हाई व्हय? दात बघून जनावर कुठं राहत होतं ते सांगतो मी."

"कवा कळलं?"

"पंधरा दिवस झालं."

"मग बोलली का न्हाईस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो." ती रडली नाही, याचाच त्रास झाला. "बाबांना सांगणार न्हाई मी. तुला नको असंल तर ऱ्हातो हितंच. तेवढं एकदा तोंडानं सांग. म्हंजे पाठवतो हे."

जिन्यात प्रभुलिंगचे बूट वाजले. पहिला मजला, दुसरा. तो प्रत्येक मजल्यावर दम घेतो. विद्याश्री मांडीवर लॅपटॉप घेऊन माझ्याकडे बघत होती. 'राहा' एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलंही होतं.

बेल वाजली. विद्याश्री उठू लागली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं, अनवाणी दारापर्यंत गेले आणि कडी काढली.

प्रभुलिंग उंबऱ्यातच थिजला. "अव्वा! पडशील की!"

"पडत न्हाई. दोन महिनं झालं चालतोय."

"दोन म्हैनं?" त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. त्याचा आवाज चढला. "आणि आमी तुला उचलून न्हेतोय रोज? सोंग करतीस व्हय गं या वयात?"

"व्हय. केलं."

तो बूट न काढताच आत येऊन बसला. कपाळ चोळत म्हणाला, "आणि ही गेल्यावर? दिवसभर एकटी काय करणार तू?"

"बघीन," मी म्हणाले. काय करणार ते मला खरंच ठाऊक नव्हतं.

त्यानं लेकीकडं न बघता हात झटकला. "लिही बाई, येतो म्हणून लिही."

विद्याश्रीनं आधीचं पत्र पुसलं आणि नवं लिहायला घेतलं. मधेच मान वर करून माझ्याकडे बघायची. माझा उजवा पाय थरथरत होता, खुब्यातून कळ मांडीत उतरत होती आणि खुर्ची चार पावलांवर होती. दाराची चौकट घट्ट धरून मी उभी राहिले. बसले असते तर तिचा हात थांबला असता.