दाखल्यावरचं प्लास्टिक

आमच्या दुकानाच्या काचेवर चार शब्द आहेत: झेरॉक्स, फोटो, स्पायरल, लॅमिनेशन. पहिले तीन पोटासाठी, चौथं माझं वेड. मशीन नवीन आलं तेव्हा पहिल्या आठवड्यात मी घरातला एकही कागद मोकळा सोडला नाही. माझा शाळा सोडल्याचा दाखला, बायकोचं टायपिंगचं प्रमाणपत्र, बारकीचा जन्माचा दाखला, सगळं प्लास्टिकमध्ये बंद. "आता मलाही घाला त्यात," असं बायको तेव्हा म्हणाली होती.

बारकी म्हणजे आमची एकुलती एक मुलगी. तेव्हा ती दीड वर्षाची होती. आता तेवीस वर्षांची आहे आणि तिला परदेशात जाऊन सांडपाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकायचंय. सांडपाणी इथेही भरपूर आहे, हा माझा विनोद घरात आता कुणी ऐकून घेत नाही. तिला प्रवेश मिळून सात महिने झाले. तेव्हापासून आम्ही व्हिसाच्या मागे आहोत आणि नियम आमच्या पुढे.

आधी फॉर्म बदलला. सतरा पानं भरून झाली होती, ती गेली वाया. नवा फॉर्म बावीस पानांचा. मग फोटोची पार्श्वभूमी पांढरी होती ती करडी झाली. मी भिंतीला करडा पडदा लावला आणि तिचे पुन्हा फोटो काढले. मग भाषेची जी परीक्षा तिने दिली होती ती यादीतूनच उडाली, म्हणून दुसरी. मग डॉक्टरी तपासणी जुनी झाली, म्हणून तीही पुन्हा. दर वेळी व्हिसाचा एजंट फोनवर सांगायचा, "काळजी करू नका काका, आता एवढंच राहिलंय." ते 'एवढंच' ऐकून माझे कान किटले. बारकी सुरुवातीला चिडायची, मग रडायची. अलीकडे ती नुसती "बरं" म्हणायची आणि फाइल उघडायची. रडणं परवडलं, ते "बरं" मला ऐकवत नव्हतं.

सोमवारी सकाळी एजंटाचा पुन्हा फोन आला.

"काका, एक नवीन नियम आलाय. जन्माच्या मूळ दाखल्यावर मागच्या बाजूला सरकारी शिक्का लागतो आता. व्हिसाच्या मुलाखतीच्या आधी घ्यायचा."

"घेऊ की. त्यात काय."

"दाखला लॅमिनेट केलेला नाही ना? प्लास्टिकवर ते शिक्का मारत नाहीत."

मी मशीनसमोरच उभा होतो. मशीन तापलेलं होतं आणि समोर कुणाचं तरी ओळखपत्र हळूहळू बाहेर येत होतं.

नवी प्रत काढावी म्हटलं, तर ज्या ऑफिसातून दाखला मिळाला होता ते केव्हाच दुसऱ्या ऑफिसात विलीन झालेलं. तिथल्या बाईंनी फोनवर शांतपणे सांगितलं, जुनी रजिस्टरं शोधायला तीन महिने लागतील. मुलाखत गुरुवारी होती. ती चुकली की पुढची तारीख कॉलेज सुरू झाल्यावरची, आणि कॉलेज जागा धरून ठेवणार नव्हतं. म्हणजे सगळा खेळ त्या एका कागदावर येऊन थांबला, आणि तो कागद मी माझ्या हातांनी बंद करून ठेवला होता.

खरं सांगतो, फोन ठेवल्यावर मला पहिल्यांदा बरं वाटलं. लाज वाटावी असं बरं. वाटलं, सुटलो. ती राहील. संध्याकाळी दुकानात येऊन स्टुलावर बसेल, गिऱ्हाइकांच्या अर्जातल्या चुका काढेल, आणि मला कुणाला दोष द्यावा लागणार नाही. नियमच असा आला, आम्ही काय करणार. मग डोळ्यांपुढे तिची ती फाइल आली, आणि माझी मलाच चीड आली.

दुपारी जेवताना दोघींना सांगितलं. बायकोने ताटावरून मान वर केली नाही. "लॅमिनेशन," एवढंच म्हणाली. बारकीने या वेळी "बरं"ही म्हटलं नाही. तिच्याकडे बघायचं मी टाळलं. हात धुतले आणि ड्रॉवरमध्ये ब्लेड शोधायला लागलो.

"अहो, फाटेल तो," बायको म्हणाली.

"फाटेल किंवा निघेल," मी म्हणालो.

दुकानाचं शटर अर्धं ओढलं. बारकी स्टूल घेऊन शेजारी बसली. इतक्या वर्षांत मी हजारो कागद प्लास्टिकमध्ये घातले असतील, बाहेर एकही काढला नव्हता. त्यामुळे आधी माझा शाळेचा दाखला घेतला. त्याच आठवड्यातला, त्याच मशीनमधला. फोटो सुकवायच्या ड्रायरने तो गरम केला, कोपऱ्यात ब्लेड घातलं आणि प्लास्टिक वर ओढलं. शाळेचं नाव प्लास्टिकबरोबर आलं आणि बाकी मी खाली राहिलो. मधोमध टर्रकन फाटला.

"वर ओढू नका," बारकी हळूच म्हणाली. "मागे दुमडून ओढा. अगदी कागदाला चिकटून."

उरलेल्या अर्ध्यावर तसं करून पाहिलं. ते निघालं.

मग तिचा दाखला. त्याच्या खालच्या कोपऱ्यात एक बुडबुडा होता. तेव्हा मशीन किती तापवायचं ते मला कळत नव्हतं, डिंक नीट वितळायच्या आधीच कागद बाहेर आला होता. तो बुडबुडा मला वर्षानुवर्षं खुपायचा. ब्लेड मी तिथूनच घातलं. बारकीने ड्रायर धरला. मी एकेक बोट पुढे सरकत होतो, ती उष्ण हवा माझ्या पुढे पुढे नेत होती. तिच्या नावाच्या ओळीपाशी आलो तेव्हा कागदाचे तंतू उभे राहायला लागले. मी थांबलो. हात जरासा वर उचलला असता तरी दाखला फाटला असता. कुणी मला बोल लावला नसता. बारकीनेसुद्धा.

मी हात खालीच ठेवला. दोन तास लागले. दाखला निघाला, थोडा केसाळ, एका कडेला विरलेला, पण अख्खा. बायकोने तो दोन पुठ्ठ्यांमध्ये घालून वर जाडजूड डिक्शनरी ठेवली.

बुधवारी आम्ही शिक्क्याच्या ऑफिसात गेलो. आमचा नंबर एकशे बारा. पंखा होता, पण तो खिडकीतल्या साहेबांकडे तोंड करून. तीन तासांनी साहेबांनी दाखला हातात घेतला, कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "हा असा का झालाय?"

"जुना आहे," मी म्हणालो.

त्यांनी उलटा करून उजेडात धरला. मग शिक्का बसला, मागच्या बाजूला, जरा तिरका, जांभळ्या शाईचा.

आम्ही व्हरांड्यातल्या बाकावर टेकलो. बारकीने दाखला मांडीवर पालथा ठेवला.

"बाबा," ती म्हणाली, "सोमवारी जेवताना तुम्ही सांगितलंत ना, तेव्हा मला जरा बरं वाटलं होतं."

मी तिच्याकडे पाहिलं.

"फार दमले होते हो. वाटलं, संपलं एकदाचं. तुम्ही 'राहू दे आता' म्हणाला असतात, तर मी लगेच हो म्हणणार होते. वाट बघत होते तुम्ही म्हणायची." ती थोडंसं हसली. "तर तुम्ही ब्लेड शोधायला लागलात. म्हटलं, बाबांना एवढं वाटतंय, तर मी कोण नाही म्हणणारी."

मलाही बरं वाटलं होतं, हे अगदी जिभेवर आलं. चार शब्दांचं काम होतं. ते बोललो असतो तर कदाचित आम्ही दोघं तिथूनच घरी गेलो असतो, उद्याची मुलाखत सोडून. मी गिळून टाकलं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता शिक्का बसला ना," ती म्हणाली.

मी दाखला उचलायला हात पुढे केला. तिने माझा हात धरून बाजूला ठेवला आणि तसाच धरून ठेवला.

"शाई ओली आहे अजून," ती म्हणाली.

ती वाळेपर्यंत आम्ही बसून राहिलो.