खिळ्यावर टांगलेला मेगर

मित्रांनो, हे लिहायचंच नाही असं माझं जवळजवळ ठरलं होतं. ज्याची चूक सांगायची तो माझ्याच घरचा. चारचौघांत कसं सांगायचं? पण गप्प बसवेना. म्हणून लिहितो.

मी एक जुना मेगर आहे. काळी पेटी, वर काच, काचेखाली काटा, बाजूला फिरवायचं हँडल आणि दोन वायरी. पाण्याच्या मोटारीत तांब्याच्या तारेचे वेढे असतात. त्या तारेतली वीज बाहेरच्या लोखंडी बॉडीत उतरते का, एवढंच मला कळतं. एक वायर तारेला, दुसरी बॉडीला लावायची आणि हँडल गरागरा फिरवायचं. काटा चढला तर मोटर चांगली. काटा शून्यावरच पडून राहिला तर त्या मोटारीला कुणी हात लावू नये. बास. दुसरं काही येत नाही मला.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. कळायला लागलं ते कुपवाडात, वजीरचाचांच्या दुकानात. जळलेल्या मोटारी नवीन तार भरून चालू करायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांची एक रीत होती. मोटर झाली की ते स्वतः मला फिरवायचे आणि मग गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचे.

"फिरवा मालक. तुमच्या घरची माणसं हात लावणार हायत. तुमच्या डोळ्यांनी बघा."

"आवं चाचा, तुमच्यावर विश्वास हाय की!"

"माझ्यावर नगा ठेवू. काट्यावर ठेवा."

हंबीरराव म्हणून एक रिटायर फौजी यायचे. ते फिरवता फिरवता म्हणायचे, "चाचा, एवढ्यात जात्यातनं शेरभर पीठ पडलं असतं!" सगळं दुकान हसायचं. मीपण हसायचो, काटा थरथरवून.

आकडा चढला की चाचा तो वहीत लिहायचे. कमी आला तर लिहायचे नाहीत. सगळी तार उसकटून पुन्हा भरायचे, पुन्हा मला फिरवायचे. म्हणून त्या वहीत वाईट आकडा एकही नव्हता.

चाचा गेले. दुकान त्यांच्या मुलाकडं आलं, शाहनवाजकडं. त्याचा हात चांगला होता, बापासारखाच. त्यानं मोबाईलवर एआय घेतलं. खोटं कशाला बोलू, कामाचंच होतं ते. इंग्रजी माहितीपत्रक मराठीत समजावून सांगायचं, गिऱ्हाइकाला नीट उत्तर लिहून द्यायचं. शाहनवाजनं चाचांच्या वहीचे फोटो काढून त्याला दिले, तेव्हा ते टेस्टचा रिपोर्टपण लिहायला लागलं. छापील, सुबक, खाली दुकानाचं नाव. पण आकड्याची जागा ते मोकळी सोडायचं. लिहायचं, 'टेस्ट झाल्यावर आकडा भरा.' मग शाहनवाज उठायचा, मला खाली काढायचा.

यंदा एप्रिलात ऊस तहानला आणि मोटारी जळायला लागल्या. दुकानासमोर रांग. फोन थांबेना. एके दिवशी शाहनवाज मोबाईलला म्हणाला, "वहीतलं बघ आणि मागच्यासारखाच आकडा भर."

त्यानं भरला. मी खिळ्यावरच राहिलो.

मोबाईलला मी दोष देत नाही. वही सगळी चांगल्या मोटारींची. त्यातनं त्याला वाईट आकडा सुचणार कुठनं? आणि बॉडीला लावायला त्याला वायरी कुठं होत्या? वायरी माझ्याकडं होत्या. हात शाहनवाजकडं होते.

साईराज हा शाहनवाजचा शाळेपासूनचा दोस्त. त्याच्या मळ्यातल्या विहिरीची मोटर आली होती. न्यायला आला तेव्हा त्यानं माझ्याकडं बघितलं.

"मेगर फिरवायचा न्हाई व्हय रं? चाचा तर सोडायचे न्हाईत."

"आता मोबाईल करतोय सगळं. ह्यो घे रिपोर्ट."

"आयला, लय मोठा झालास की गड्या! थांब, आईला दाखवतो. ती म्हणत हुती, शानूला बापाची सर न्हाई."

दोघं हसले. मी ओरडलो असतो, पण फिरवल्याशिवाय मला आवाज नाही.

चौथ्या दिवशी साईराजची आई, बनुबाई, विहिरीवर धुणं धूत होत्या. ओल्या हातानं मोटारीचा लोखंडी पाईप धरला आणि पाईपनं त्यांना धरलं. शेजारच्यांनी स्टार्टर बंद केला म्हणून जीव वाचला. सांगलीच्या दवाखान्यात अकरा दिवस होत्या. उजव्या हाताची दोन बोटं काढावी लागली, उरलेली मिटत नाहीत.

वायरमननं बघितलं तर बॉडीत उतरलेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची तार निसटलेली. साईराजनं कपाळावर हात मारला. "माझ्याच हातनं झालं. मी तार बघितली न्हाई." येणाऱ्या-जाणाऱ्याला तो हेच सांगायचा. शाहनवाज शेजारी उभा राहून ऐकायचा आणि मान खाली घालायचा.

महिन्याभरानं ती मोटर दुकानात परत आली. शाहनवाजनं मला खाली काढलं. काचेवरची धूळ शर्टानं पुसली. वायरी लावल्या आणि फिरवलं. काटा जागचा हलला नाही. त्यानं पुन्हा फिरवलं, जोरात, पुन्हा, घाम येईपर्यंत. मित्रांनो, इतके दिवस त्याच्या हाताची वाट बघत होतो. त्या दिवशी वाटलं, आज नसता लावला तर बरं झालं असतं.

म्हणून सांगतो. मोबाईलला लिहू द्या, वाचू द्या, हिशेब करू द्या. पण जे तुम्ही बघितलंच नाही, ते बघितलं असं त्याच्याकडनं लिहून घेऊ नका. तो लिहील. झटक्यात लिहील. आणि वाचणारा त्यावर भरवसा ठेवून आपलं माणूस पाण्यावर धाडील.

शाहनवाजनं मला पिशवीत घातलं आणि साईराजचं घर गाठलं. ओसरीवर बसून एका दमात सगळं सांगितलं.

साईराजनं माझ्या पिशवीकडं बघितलं.

"म्हंजे तो आकडा..."

"टेस्ट घेतलीच न्हवती."

"आई त्या दिवशी इचारत हुती, मोटर नवी हाय, हात लावू का. मी रिपोर्ट वाचून दाखवला तिला. महिनाभर मी तिला जेवू घालताना तोंड चुकवतोय, शाहनवाज. आनि तू बघत हुतास."

"व्हय."

आतनं बनुबाईंचा आवाज आला. "कोण, शानू आलाय का? च्या ठेव रं त्याला." शाहनवाजला हुंदका आवरेना.

साईराजनं चहा ठेवला नाही. तो एवढंच म्हणाला, "असले कागद किती जणांस्नी दिलेस?"

"तुझ्याबिगर तेवीस."

"त्या तेवीस हिरींवर आत्ता कोण कोण धुणं धूत आसल?"

शाहनवाजनं डोळे पुसले. खिशातनं मोबाईल काढला, त्या तेवीस जणांची नावं उघडली आणि साईराजसमोर धरली.

"आत्ता हितं बसून एकेकाला फोन करतो. मोटर बंद ठेवा, माझा रिपोर्ट खोटा हाय, म्हणून सांगतो. उद्यापासनं हा मेगर घेऊन एकेक हीर फिरतो. तेवीसच्या तेवीस. तू मला माफ कर न्हाईतर करू नगंस, साईराज, पण शेवटची मोटर तपासल्याबिगर मी दुकान उघडणार न्हाई."