उडण्याचं प्रॅक्टिकल

लातुरात माणूस काहीही शिकायला तयार असतो, फक्त त्याचा पेपर निघाला पाहिजे. एवढी साधी गोष्ट मनस्विनीला कळायला अख्खं वर्ष लागलं. हिमाचलातल्या बीरला तीन वर्षं राहून, शेकडो उड्डाणं करून, पॅराग्लायडिंग प्रशिक्षकाचा रीतसर दाखला घेऊन ती गावी परतली, तेव्हा तिला वाटलं होतं, शाळा काढायचा अवकाश, पोरं रांगा लावतील. शहराबाहेर एक बुटकी टेकडी तिने हेरली, पाटी लावली आणि वाट बघत बसली. वर्षभरात दोघे आले. एक रस्ता चुकला होता. दुसऱ्याने विचारलं, "हितं प्लॉटिंग व्हायलंय का?"

शेवटी वडील मदतीला धावले. श्रीपाद सर चौतीस वर्षं बारावीला फिजिक्स शिकवून निवृत्त झाले होते, आणि निवृत्त मास्तराला रिकामी शाळा दिसली की त्याचे हात शिवशिवतात. "मनू, पोरांना आधी नोट्स दे," असं म्हणून त्यांनी घराच्या गच्चीवर क्लासच सुरू केला. वारा, उचल, पंखाचा कोन यांवर दोनशे अपेक्षित प्रश्न काढले. दर रविवारी टेस्ट ठेवली. त्यातच साहसी खेळाच्या सर्टिफिकेटला भरतीत जादा मार्क मिळतात, अशी अफवा कुठल्याशा ग्रुपवर फिरली. मग काय विचारता! अडतीस पोरं आली, त्यांच्यामागे शहात्तर आईबाप आले. चौकात फ्लेक्स लागला, त्यावर पन्नासपैकी पन्नास मिळवणाऱ्या नऊ जणांचे फोटो. त्यांतला एकही जण आजवर गच्चीपेक्षा उंच गेला नव्हता.

मनस्विनी हे सगळं दातओठ खात बघत होती, आणि खोटं कशाला बोला, मनातून थोडी सुखावलीही होती. तिचं मागणं फार नव्हतं. आपण शिकवलेला एक तरी माणूस जमीन सोडून वर उठावा. तेवढं झालं तर ही शाळा, नाहीतर गच्चीवरची शिकवणी.

प्रॅक्टिकलसाठी सोमवार ठरला. त्या वेळी जवळ असावी म्हणून प्रत्येकाला एक उड्डाणवही दिली होती. उडायचं, किती वेळ उडालो ते लिहायचं, खाली प्रशिक्षकाची सही घ्यायची. रविवारी सकाळी पोरांनी सगळ्या वह्या तिच्यासमोर आणून ठेवल्या. वह्या भरलेल्या होत्या. प्रत्येकाची पंचवीस उड्डाणं, तीही सगळ्यांची त्याच तारखांना, त्याच वाऱ्यात. भुजंग नावाच्या हुशार पोराने समास आखून, रंगीत पेन्सिलीने पंखाची आकृतीही काढली होती. बाकीच्यांनी त्याच्या वहीवरून उतरवलं होतं. दोघांनी तर घाईत त्याचं नावसुद्धा उतरवलं होतं.

"हे काय आहे?" मनस्विनीने विचारलं.

"जर्नल, मॅडम," भुजंग म्हणाला. "सही पाहिजे."

तिने साफ नकार दिला. तासाभरात अंगण आईबापांनी भरलं. भुजंगचे वडील मन्मथअप्पा सगळ्यांच्या वतीने बोलले, "मॅडम, प्रॅक्टिकल कोण बघायलंय? कॉलेजात बी असंच असतंय. पोरगं पेपरला लई हुशार हाय. टेकडीवरून पडून पाय मोडला तर भरतीत पळंल कसं? उगी सही करून टाका."

सरांनी लेकीला स्वयंपाकघरात नेलं. आई, विमलताई, पोहे परतत होत्या.

"सही कर, मनू," सर हळू आवाजात म्हणाले. "मी तीन हजार पोरांना प्रॅक्टिकलचे तीसपैकी तीस दिले. एकाने लंबक हलवून पाहिला नाही. कुणाचं काही अडलं? त्यांतले दोनशे आज याच गावात डॉक्टर आहेत."

"मग बाबा, डोळ्याचं ऑपरेशन करायला तुम्ही सोलापूरला का गेलात?"

विमलताईंचा झारा थांबला. असा प्रश्न सरांच्या नोट्समध्ये कुठेच नव्हता. ते बाहेर गेले आणि अंगणातल्या लोकांना म्हणाले, "उद्या सकाळी सहाला टेकडीवर. उडेल त्यालाच सही."

सोमवारी वारा असा सुरेख, की बीरला अशा वाऱ्यासाठी लोक दिवस दिवस बसून राहतात. टेकडीवर चिटपाखरू नव्हतं. सातपर्यंत मनस्विनी उभी राहिली, मग खाली बसली. तिला रडू आलं, ते तिने आवरलं नाही. तेवढ्यात खाली रिक्षा थांबली. पांढरे कॅनव्हासचे बूट घालून, काखेत कोरी वही घेऊन श्रीपाद सर चढत येत होते.

"प्रॅक्टिकल द्यायला आलोय."

"बाबा, तुम्ही साठीचे आहात."

"वयाची अट फ्लेक्सवर नव्हती."

दोन तास तिने त्यांना सपाटीवर पळवलं, पंख डोक्यावर धरायला शिकवलं. मग उतारावर आणलं. पट्टे तीनदा तपासले. परक्या पोरांसाठी एवढी भीती तिला कधी वाटली नव्हती.

"पळा, बाबा! थांबू नका!"

सर पळाले. पंख वर आला, पट्टे ताठ झाले आणि कॅनव्हासचे बूट जमिनीवरून सुटले. पुरुषभर उंची, मोजून चार सेकंद. एवढ्यात सरांनी आनंदाने पाय आखडले, आणि ते धपकन गवतात बसले.

मनस्विनी धावत पोहोचली. हाडं शाबूत होती. चष्मा एका कानाला लटकत होता.

"किती?" सरांनी बसल्या बसल्याच विचारलं.

"तीसपैकी चार."

"कुठे कापलेस?"

"पाय सुटले आणि तुम्ही पळायचं थांबलात."

तिने वहीत चार मार्क लिहिले आणि खाली सही केली. तिच्या शाळेची ती पहिली सही. सरांनी ती वही दोन्ही हातांत धरून बराच वेळ पाहिली. तीन हजार जर्नलांवर त्यांनी सह्या केल्या होत्या, त्यांतलं एकही वाचलं नव्हतं. मग ते उठले, गवत झटकलं आणि वर्गात शेवटच्या बाकावरचं पोरगं विचारतं तसं चाचरत म्हणाले, "मॅडम, वारा आहे तोवर माझं पुन्हा एकदा घ्याल?"