बाबाचा कार्यक्रम चारला

डाळीच्या डब्याचं झाकण हातातून निसटलं, फरशीवर पडलं आणि पडून गप बसेना. गोल गोल फिरत, आवाज बारीक करत करत ते ओट्याखाली जाऊन एकदाचं थांबलं, तोवर ईश्वरी गादीवर उठून बसली होती. तिची दुपारची झोप म्हणजे माझ्या दिवसातला एकुलता एक मोकळा तुकडा, तो असा एका झाकणापायी गेला. मी तिला परत थोपटायला गेले, तर तिने तोंडावर बोट ठेवलं. ती काहीतरी ऐकत होती.

खिडकीतून आवाज येत होता. ‘हॅलो. चेक. चेक. एक, दोन... हॅलो.’

“बाबा,” ती म्हणाली.

खरंच बाबाच होता. योगेश, माझा नवरा, साउंडच्या कामाला आहे. लग्न, सभा, जागरण-गोंधळ, काहीही असो, टेम्पोत स्पीकर भरायचे आणि निघायचं. सिन्नर म्हणू नका, सटाणा म्हणू नका. ईश्वरी झोपल्यावर तो येतो आणि ती शाळेत गेल्यावर उठतो. साडेचार वर्षांच्या पोरीला बाप ठाऊक आहे तो बहुतेक वेळा पांघरुणाखालचा.

या हिवाळ्यात मात्र शहरातल्या काही हौशी मंडळींनी कलांचा आठवडा भरवला. रोज संध्याकाळी काही ना काही, कधी गाणं, कधी नाटक, कधी विनोदी कार्यक्रम, आणि कडेला चित्रांचे मांडव. मोठं स्टेज आलं ते आमच्या इंदिरानगरात, आमच्याच बिल्डिंगमागच्या मैदानावर. आणि साउंडचं काम मिळालं योगेशच्या शेठला. म्हणजे बाप आठवडाभर घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि त्याची हाक चांगली दोन हजार वॅटची.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरीने मुद्दाम त्याला हलवून उठवलं आणि सांगितलं, मी तुला ऐकलं. तो डोळे चोळत हसला. त्या दिवशी दुपारी सगळे माईक तपासून झाल्यावर तो जरा थांबला आणि मग त्या भल्यामोठ्या भोंग्यांमधून आमच्या घरातलं गाणं आलं. तिला आंघोळ घालताना त्यानेच कधीतरी जुळवलेलं, चाल नाही की ढाल नाही:

आला आला टेम्पो आला,
ईशूबाईने ब्रेक मारला,
मागचा भोंगा पुढे आला.

ईश्वरी खिडकीच्या गजांना धरून उभी होती. मैदान इथून दिसत नाही, मध्ये कडुनिंब आहे. तरी तिने टाळ्या वाजवल्या. मग रोजचंच झालं. चारच्या सुमाराला आम्ही दोघी खिडकीत. आधी चेक, मग एक-दोन, मग टेम्पो. मीही ओट्यावरचं सगळं तसंच टाकून उभी राहायचे. लग्नाला सहा वर्षं झाली, पण भरदुपारी नवऱ्याचा आवाज ऐकायची मला तरी कुठे सवय होती.

गडबड झाली ती यानंतर. शाळेच्या फाटकाशी बाईंनी मला थांबवून विचारलं, ईश्वरीचे बाबा गायक आहेत का हो, ती सगळ्यांना सांगतेय, माझ्या बाबाचा रोज कार्यक्रम असतो. मी म्हणाले, तसे गायक नाहीत, पण... तेवढ्यात मागच्या स्कूटरने हॉर्न दिला आणि माझं ‘पण’ तिथेच राहिलं. घरी येऊन मी कुकर लावतेय तोवर पोरीने माझ्या फोनवरून सायखेड्याला आजीलाही आमंत्रण देऊन टाकलेलं.

आजी म्हणजे योगेशची आई, वत्सलाबाई. मी त्यांना आत्या म्हणते. गोदावरीकाठी थोडं रान आहे, त्यात झेंडू आणि शेवंती. योगेशने फुलं सोडून भोंगे धरले याचा राग त्यांच्या मनातून कधी गेला नाही. दर भेटीत, भाकरी वाढता वाढता, एकदा तरी ऐकवतात, “हार आपल्या रानातला, गळा दुसऱ्याचा. अन् माझ्या पोराच्या गळ्यात वायरी.” योगेश हसतो आणि आणखी अर्धी भाकरी मागतो.

आता त्याच फोनवर ईश्वरीला विचारत होत्या, “स्टेजवर असतो का गं तो? खरंच?” ईश्वरीने शपथेवर सांगितलं की असतो, रोज. मग मी शनिवारी येते, त्या म्हणाल्या, हार घेऊन येते.

सकाळी योगेश ब्रश तोंडात घालून उभा होता तेव्हा मी हे सगळं त्याला सांगितलं. तो इतका हसला की फेस शर्टावर सांडला. म्हणाला, सांग की तिला, बाबाचं काम मागे असतं म्हणून. मी म्हटलं, बाप तू, तू सांग. मला कुठे सांगता येतं, तो म्हणाला. मग आत्यांना? तर तेही तूच सांग म्हणे. तो चूळ भरून आला, टॉवेलने तोंड पुसलं, आणि टॉवेल तोंडावरच राहिला.

“पल्लवी, तिला कळलं ना, की मग ती खिडकीत येणार नाही.”

मग माझीही जीभ उचलेना. गायक नाही हे काय, कधीतरी कळणारच होतं. पण असं, कोणाच्या तरी तोंडून, कोणाच्या तरी हसण्यातून कळू नये एवढंच मला वाटत होतं.

गुरुवारी विनोदी कार्यक्रम होता. ईश्वरी ऐकेना, म्हणून संध्याकाळी तिला घेऊन गेले. वाढदिवसाचा फ्रॉक घालून ती खुर्चीच्या टोकाला बसली. स्टेजवर एक तरुण मुलगा स्वतःच्या लग्न जुळवण्याच्या गोष्टी सांगत होता, लोक पोट धरून हसत होते, आणि ही दर दोन मिनिटांनी विचारत होती, बाबा कधी? मागे ताडपत्रीखाली, बटणांच्या मोठ्या पाटासमोर, कानाला हेडफोन लावून तिचा बाबा बसला होता. मी दाखवला. तिने पाहिला आणि ठरवलं की तो अजून तयार होतोय.

बोलता बोलता तो मुलगा माईक घेऊन थेट स्पीकरच्या पुढ्यात गेला. कर्कश शिटी वाजली. सगळ्यांनी कान दाबले. मुलगा हजरजबाबी होता, म्हणाला, “साउंडवाले दादा, जेवला नाहीत का? घरून डबा मागवू?” सगळं मैदान हसलं, आणि सगळ्या माना मागे वळल्या. मी ओढणीचं टोक नीट करत बसले.

ईश्वरी मात्र खुर्चीवर चढली. दोन्ही हात वर करून हलवायला लागली. शेजारच्या बाईंना म्हणाली, “तो माझा बाबा आहे. सगळे त्याच्याकडे बघताहेत.” बाई ‘हो का’ म्हणाल्या आणि पुन्हा स्टेजकडे बघायला लागल्या. तेवढ्यात योगेशने आम्हाला पाहिलं. त्याने एक हेडफोन कानावरून सरकवला आणि हात किंचित वर केला, कोणाला दिसू नये इतपतच.

घरी येताना जिन्यात ती म्हणाली, “सगळ्यांनी बघितलं. पण मग त्याने गाणं का नाही म्हटलं?” मी म्हटलं, उशीर झाला होता. तिने दोन पायऱ्या विचार केला. “मग शनिवारी म्हणेल. आजी येणारे ना.”

शनिवारी आत्या सकाळच्या एसटीने निघाल्या, निमाणीच्या स्टँडला उतरून सिटी बसने आल्या. हातात फुलांनी भरलेली पिशवी. पाणी प्यायल्या न प्यायल्या तोच फरशीवर बसकण मारून त्यांनी सुई-दोरा काढला. एक शेवंती, दोन झेंडू, असा मनगटाएवढा जाड हार वाढायला लागला. ईश्वरी एकेक फूल निवडून हातात देत होती, आणि चपटं दिसलं की आजी ते परत करत होती. मी पोळ्या लाटत शब्द जुळवत होते. आत्या, ऐका ना, ईश्वरी लहान आहे... आत्या, ह्यांचं काम तसं मागेच... आत्यांसमोर मी योगेशला ‘अहो’ करते, त्यामुळे त्याच्याबद्दलचं काही अवघड बोलायचं तर आणखीच अवघड होऊन बसतं.

जेवताना बोलायचंच असं ठरवलं. तर घास हातात धरून आत्याच म्हणाल्या, शेजारच्या चिमाजी तात्यांना सांगून आलीय, म्हटलं पोराचा सत्कार करून येते. तात्या म्हणाले, आता तरी पोराला नावं ठेवणं सोड. आणि त्या स्वतःशीच हसल्या. मी भाताचं भांडं पुढे सरकवलं.

दुपार कलली. हार ओल्या फडक्याखाली झाकून ठेवलेला. आणि खिडकीतून आलं, ‘हॅलो. चेक.’

ईश्वरी ताडकन उठली. “सुरू झाला.”

मी तिच्याकडे बघतच राहिले. पोरगी पहिल्या दिवसापासून तेच सांगत होती आणि मी संध्याकाळकडे डोळे लावून बसले होते. तिला चपला घातल्या. स्वतःचे केस बांधले.

“आत्या, चला. कार्यक्रम सुरू झाला.”

“आत्ता? उन्हाचा?”

“ह्यांचा चारलाच असतो,” मी म्हणाले.

मैदानावर ऊन तिरपं पडलं होतं. खुर्च्यांच्या रांगा रिकाम्या. शिडीवर एक लाइटवाला, स्टेजच्या कोपऱ्यात हातोडीने तबला लावत बसलेले एक गृहस्थ, खुर्च्या मांडणारा एक जण, बस्स. आम्ही सरळ पुढच्या सोफ्यावर जाऊन बसलो. गळ्यात ओळखपत्र घातलेली एक मुलगी धावत आली, मावशी, ही पाहुण्यांची जागा आहे. आत्यांनी तिला वरून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, “मंग? आम्ही सायखेड्याहून आलोय.” मुलगी ओळखपत्र सावरत आली तशी परत गेली.

मग आत्यांनी मागे वळून पाहिलं. रांगांमागून रांगा. “लोकं न्हाई आली अजून,” त्या म्हणाल्या. त्यांनी खुर्च्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग स्टेजवर, जिथे त्यांचा मुलगा गळ्यात वायरचं वेटोळं अडकवून, गुडघ्यांवर बसून जमिनीला चिकटपट्टी लावत होता. त्यांना कळलं. सगळं कळलं हे मला त्यांच्या मानेवरून दिसलं. आता ते वाक्य येणार म्हणून मी वाट बघत होते.

आत्यांनी पिशवी मांडीवर घेतली, पदर डोक्यावरून नीट केला आणि ताठ बसल्या.

योगेश उठला, माईकजवळ आला. “चेक. एक, दो...” आणि त्याला आम्ही दिसलो. ‘दोन’ अर्धाच राहिला. तो माझ्याकडे बघत होता, हे काय केलंस अशा नजरेने. मी मान हलवली, म्हटलं तर हो, म्हटलं तर चालू दे.

“बाबा, टेम्पो,” ईश्वरी म्हणाली. मोठ्याने नाही. कार्यक्रमात मोठ्याने बोलायचं नसतं.

खिडकीसाठी गाणं वेगळं आणि समोर आई बसलेली असताना वेगळं. त्याने शिडीकडे पाहिलं, तबलेवाल्यांकडे पाहिलं, घसा खाकरला, तोही सगळ्या मैदानाला ऐकू गेला. मग म्हटलं. पहिली ओळ फाटली, दुसरी जरा सावरली. मागचा भोंगा पुढे येईपर्यंत तो हसायला लागला होता. खुर्च्यावाला पाच-सहा खुर्च्यांची चवड छातीशी धरून उभा राहिला होता, तो गाणं संपल्यावरच पुढे गेला. ईश्वरीने टाळ्या वाजवल्या आणि आजीकडे बघितलं, आता हार, अशा नजरेने.

आत्या उठल्या. गुडघ्यावर हात देत देत पायऱ्या चढल्या.

“आई, अगं, चार माईक राहिलेत अजून.”

“राहू दे. मान खाली कर.”

“वायर आहे गळ्यात.”

“असू दे,” आत्या म्हणाल्या. “वरून घालते.”

आणि घातला. मग हार सरळ केला, त्याच्या गालावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली आणि उतरून आल्या. सोफ्यावर बसत मला हळूच म्हणाल्या, “आवाज चांगला हाय. बापावर गेलाय. पण गाणं लय बारकं हाय.”

राहिलेले माईक त्याने हार घालूनच तपासले. आई बघत असताना काढणार कसा? वाकला की झेंडूच्या पाकळ्या पडायच्या, त्या तो पायानेच बाजूला सारत होता. ईश्वरीला प्रत्येक माईक हा नवा भाग वाटत होता. शेवटच्या माईकवर तो थांबला. एरवी कधी म्हणत नाही ते म्हणाला, “धन्यवाद.” आणि मागे ताडपत्रीकडे निघून गेला. ईश्वरी तो दिसेनासा होईपर्यंत टाळ्या वाजवत होती.

आम्ही कडेच्या टपरीवर चहा घेतला, चित्रांचे मांडव बघितले. आत्यांना एकच चित्र आवडलं, भेंडीचं. निघालो तेव्हा दिवे लागले होते आणि फाटकात ही गर्दी. गाड्या लावायला जागा नव्हती. रेशमी साड्या, गजरे, शाली, लवकर चला, पुढची जागा मिळाली पाहिजे. सगळे आत येत होते आणि आम्ही तिघी तेवढ्या उलट्या दिशेने, अंग चोरून, वाट काढत. ईश्वरी माझं बोट धरून मागे बघत बघत चालत होती. बाहेर रस्त्यावर आल्यावर ती थांबली. तिने त्या सगळ्या माणसांकडे पाहिलं, अगदी कळवळून, आणि मग मान वर करून मला विचारलं,

“आई, बाबाचा कार्यक्रम तर झाला. मग हे सगळे आता कशाला आलेत?”