सांगलीत अंजना नाही

आमची अंजना सी नावाच्या भाषेत लिहायची. मी चौथी शिकलेली. मला एवढंच कळलं, की ही भाषा बोलायची नसते, कॉम्प्युटरला लिहून द्यायची असते. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ एका लहान कंपनीत ती कामाला होती. एका गावचा कॉम्प्युटर दुसऱ्या गावच्या कॉम्प्युटरशी तारेवरून बोलतो, ती जोडणी करायची.

"त्यात तू काय करतीस?" मी विचारलं.

"दर खेपेला तीच कटकट असती आई. जोडणी उघडा, पाठवा, आलेलं घ्या. मी त्याची बारकी फंक्शनं लिहून ठेवती. बाकीच्यांनी नुसतं नाव घ्यायचं, काम हुतं."

"आयतोबांची सोय म्हण की."

"आगं, पलीकडचं सगळं एकदम येत न्हाई. तुकड्यातुकड्यानं येतं. पयला तुकडा आला की लोक पुढं जात्यात."

"सरी भरायच्या आधीच दारं मोडून पाणी फुडच्या सरीला सोडत्यात व्हय? गाढवं!"

"आगदी तसंच! माझं फंक्शन सरी भरंपर्यंत थांबतं."

प्रत्येक फंक्शनच्या नावाआधी तिनं 'अंजना' लावलं होतं. तिच्या कंपनीतल्या सुमंत सरांनीच तसं सांगितलेलं. काम कुणाचं ते कळावं.

मग सांगलीचं स्थळ आलं. जयराज चांगला मुलगा, नोकरी पक्की, ऊसही मोप. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, अंकिता. विहीणबाई, सुलाबाई, म्हणाल्या, "अंजना लय जुनं वाटतं."

"आवं, आन् सुला काय काल निघालं व्हय?" मी म्हटलं. मांडव हसला. नाव मात्र गेलं, आणि नोकरीही.

पुढच्या वर्षी जावयांची पुण्याला बदली झाली. ते खोली बघत होते, पोरगी अजून सांगलीतच होती. तेवढ्यात सुमंत सरांचा फोन आला. तेही पुण्याच्या मोठ्या कंपनीत गेलेले.

"काकू, अंजनाची फंक्शनं आम्ही इथं रोज वापरतो. साहेब म्हणतात, लिहिणारीलाच कामाला बोलवा. फक्त शनिवारच्या आत तिचा होकार हवा."

मी ताठ मानेनं सांगलीचा नंबर दिला. आधी मीच तिला फोन करायला हवा होता. पण लेकीच्या सासरी आईनं ऊठसूट फोन करायचा नाही, ही आमच्यातली रीत. शिवाय एवढ्या मोठ्या माणसाच्या तोंडून सासरच्यांनी आमच्या पोरीचं कौतुक ऐकावं, ही हौस. मी आपली मेढ्याला नात्यातल्या लग्नाला निघून गेले.

सरांनी फोन लावला. "अंजना आहे का?"

सुलाबाईंनी उचललेला. "हितं अंजना कोण न्हाई."

सरांनी पुन्हा लावला.

"एकदा सांगितलं न्हवं? परत फोन करू नका!"

परका पुरुष सुनेला माहेरच्या नावानं विचारतोय, हे सुलाबाईंना खटकलं. त्यांनी दारच लावून घेतलं. सरांना वाटलं, नंबर चुकला. त्यांनी मला फोन केला, तर माझ्या घराला कुलूप, आणि फोन तेव्हा घरातच असायचा. मी परत आले तोवर शनिवार उलटला होता आणि जागा भरली होती.

सरांकडून हे सगळं कळल्यावर मात्र मी रीत गुंडाळून ठेवली आणि सांगलीला फोन लावला. "आवं विहीणबाई, नाव बदललं म्हणून पोरगी बदलली व्हय?"

 "पोरीला उगा ताप नको, म्हणून म्हटलं हो," त्या म्हणाल्या. आवाज पार खाली गेला होता. माझ्या जिभेवर पुढचं तयार होतं, ते गिळून मी फोन ठेवला.

पंचमीला अंजना माहेरी आली. मी सगळं सांगितलं. ती शेंगा फोडत बसलेली, फोडतच राहिली. मग म्हणाली, "आई, माझ्या त्या फंक्शनांत एक हाय. नाव दिलं की मशीनचा पत्ता काढून देतं. मशीनचं नाव बदललं, तर जुनं नावबी तिथं ठिवायचं असतं. मग कुणी जुन्या नावानं विचारलं तरी सापडतं."

"मशीनचं एवढं बघत्यात?"

"बघावं लागतं. न्हाईतर काम आडतं."

अंगणातून तिच्या भावानं, आमच्या गुंडानं, हाक मारली, "अंजे!"

ती शेंगा फोडत होती. त्यानं दुसऱ्यांदा हाक मारली, तेव्हा तिनं मान वर केली.