डावं मडगार्ड

फाटकाच्या खांबाला घासून माझ्या गाडीच्या डाव्या मडगार्डला चीर पडली. बोटभर, जास्त नाही. मी तापानं अंथरुणात होते, ती संधी साधून दादानं मडगार्ड सोडवलं आणि मला न विचारता डेंटरकडे नेलं. पुढचं त्यानंच सांगितलं. डेंटरला सवय पत्र्याची, त्यानं आतून हातोडी घातली. पत्रा मुकाट्यानं वर आला असता, पण माझ्या गाडीचं अंग फायबरचं. चाकापासून दिव्यापर्यंत भेगाच भेगा पडल्या आणि एक तुकडा निखळून हातात आला.

"हे आता भंगारात," दादा म्हणाला आणि मडगार्ड भरलेली पिशवी माझ्या खाटेपाशी ठेवली.

माझे पाय लहानपणापासून कामाचे नाहीत. ब्रेक, एक्सिलरेटर सगळं हाताशी असलेली ही दोन सीटची गाडी बनवणारा कारखाना कधीच बंद पडलाय. सुट्या भागांचं तर नावच नको.

"ठमे, कशाला जिवाला घोर लावून घेतेस? मी आहे ना. रोज लॅबला सोडीन, रोज आणीन."

दादाच्या मायेत माणूस गुदमरतो. गाडी येण्याआधी कुठंही जायचं तर मला आधी कुणाला वेळ आहे का ते विचारावं लागायचं. तोंड वेंगाडून विचारायचं आणि वर आभार मानायचे. ते दिवस मला परत नको होते. मी सांगून टाकलं, मडगार्ड मी दुरुस्त करणार.

"तू? अगं, तू लॅबमध्ये कवळ्या बनवतेस!"

"मग? कवळ्या काय झाडाला लागतात?"

फायबरच्या होड्यांचं सामान विकणाऱ्या दुकानदाराकडून काचेच्या धाग्यांची मॅट, रेझिन आणि हार्डनर मागवलं. मागच्या पडवीत टेबलावर मडगार्ड उलटं ठेवलं, तोंडाला मास्क बांधला आणि आतली बाजू घासायला बसले. इथंच माझ्या हातांनी घात केला. जन्मभर कवळ्यांना पॉलिश केलेले हात ते. खरखरीत काही लागलं की त्यांना चैन पडत नाही. बारीक कागदानं घासघासून मी ती बाजू आरशासारखी लख्ख केली आणि मगच मॅट ठेवून ब्रशनं रेझिन मुरवलं. स्वतःवर भलतीच खूश होते.

दुसऱ्या दिवशी नखानं उचकटून पाहिलं, तर अख्खं ठिगळ दुधावरच्या सायीसारखं निघून आलं.

दादा दारातच उभा होता. तो हसला असता तर मी सोसलं असतं. "जाऊ दे ना आता," असं तो हळूच म्हणाला, आणि मी ते ठिगळ त्याच्या पायाशी भिरकावलं.

दुकानदाराला फोन केला. तो आधी पोटभर हसला. "बाई, गुळगुळीत भिंतीवर गिलावा धरतो का कधी? जाड कागद घ्या. चांगले ओरखडे दिसले पाहिजेत."

मग जाड कागद घेतला. चांगली केलेली वस्तू पुन्हा खराब करताना माझा जीव तुटत होता, तरी घासत राहिले. भेगा पुढं सरकू नयेत म्हणून त्यांच्या टोकांना बारीक भोकं पाडली. निखळलेला तुकडा जागी बसवून बाहेरून चिकटपट्टीनं धरला. आतून मॅटचे थर दिले, आधी लहान, त्यावर मोठा, आणि ब्रशनं टोचून टोचून बुडबुडे काढले. काचेच्या धुळीनं अंगभर खाज सुटली, हात कोपरापर्यंत लाल झाले. दादा मलमाची ट्यूब ठेवून निघून गेला. बाहेरूनही भेगा खोदून भरल्या, पुट्टी लावली. त्यानंतर पाळी आली बारीक कागदाची, आणि तिथं माझ्या हातांना मी मोकळं सोडलं. वरून रंगाचे हात दिले.

रंग वाळल्यावर दादाला हाक मारली. "मार बुक्की."

त्यानं मारली. मडगार्ड हललंसुद्धा नाही. त्यानं सगळीकडून हात फिरवला, पण सांधा काही सापडेना. त्याचा चेहरा मात्र उतरला.

"डेंटर म्हणाला होता, फायबरचं मला जमत नाही," तो मडगार्डकडे बघत म्हणाला. "मीच म्हटलं, मार हातोडी. फुटलं तर फुटलं. तू बाहेर पडलीस की परत येईपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही गं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. रंगाचा डबा त्याच्या अंगावर ओतावा असं वाटलं. त्यातच मला रडू फुटलं, त्याचा आणखी राग आला.

"घाबर. खुशाल घाबर," मी म्हटलं. "पण माझ्या गाडीला हात लावायचा नाही. फारच जीव घाबरा झाला तर बाजूच्या सीटवर बसून घाबर."

 तो मडगार्ड आणि बोल्टचा डबा उचलून माझ्यामागून गाडीपाशी आला आणि मी मागेन तसा एकेक बोल्ट देत राहिला. शेवटचा बोल्ट मी आवळला, कुबड्या मागं टाकल्या आणि सीटवर सरकले.

दादा दुसऱ्या बाजूनं येऊन शेजारी बसला. त्यानं दोन्ही हातांनी सीट गच्च धरली. मी गाडी सुरू केली.