तीन मुलींचं स्वागत

मुलंबाळं असलेल्यांना भाड्यानं घर द्यायचं नाही, हा आमच्या इमारतीचा नियम सेक्रेटरींनी केला. ते निवृत्त हेडमास्तर. "जन्मभर पोरांचा कलकलाट ऐकला, आता कानांना सुट्टी हवी," म्हणायचे. आम्हीही माना डोलावल्या. आवारातला झोपाळा काढून तिथं त्यांची गाडी लागली. नवी जोडपी यायची, दिवस गेले की ओशाळून सामान बांधायची. राहिली त्यांनी मांजरं पाळली.

गेल्या उन्हाळ्यात कळलं की समोरची शाळा बंद होणार. पटावर मुलं अकरा, हवीत वीस. शाळा गेली की तिच्यासाठी येणारी बस जाणार, आणि त्याच बसनं आम्ही सगळे दवाखान्यात जातो. लगेच तातडीची सभा भरली.

"तरुण पिढी स्वार्थी झालीय," सेक्रेटरी कडाडले. "देशाचं कसं व्हायचं?"

पहिल्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "अहो, पण नियम तर तुमचाच!"

"तो इमारतीपुरता. देशाबद्दल माझं मत वेगळं आहे."

सभेचं इतिवृत्त लिहीत बसलेली सेक्रेटरींची सून खुदकन हसली. छत्तीस वर्षांची, घरूनच काम करणारी. 'नातू कधी?' हा प्रश्न ती रोज ऐकत होती, त्याच शांत घरात.

नियम रद्द झाला. बऱ्याच शोधानंतर एक लिफ्ट मेकॅनिक, त्याची नर्स बायको आणि तीन मुली फ्लॅट बघायला आल्या. आम्ही इतकं गोड हसलो की धाकटी आईच्या मागं लपली.

"तीनच?" सेक्रेटरींनी विचारलं.

नर्स म्हणाली, "काका, या तिघींमुळे सात ठिकाणी नकार मिळालाय. बरं, माझी ड्यूटी दोनला सुरू होते, हे पाचला येतात. मधल्या वेळात मुलींकडे कोण बघेल?"

आम्ही दिवसभर घरीच असतो. पण एकाला रक्तदाब आठवला, दुसऱ्याला दुपारची झोप. आजींना तर एकदम ऐकूच येईना.

"माझ्याकडे पाठवा," सून म्हणाली. सेक्रेटरींचा चेहरा बघण्यासारखा झाला.

मुली आल्या. पट चौदावर गेला. सेक्रेटरींच्या दिवाणखान्यात रोज दुपारी भातुकली मांडली जाऊ लागली, आणि आठवड्याभरात फलकावर त्यांच्या सहीची सूचना झळकली: 'मुलांनी जिन्यात धावू नये, आवारात चेंडू खेळू नये, मोठ्यानं हसू नये.' त्यानंतर फ्लॅट बघायला आलेली दोन कुटुंबं ती सूचना वाचून खालच्या खालीच परत फिरली. तरीही ती काढा असं सांगायला आमच्यातलं कुणी पुढं झालं नाही. खरं सांगायचं तर दुपारी झोप लागत होती.

चौदा मुलांवर शाळा टिकली नाही. शाळेमागोमाग बसही गेली. मेकॅनिकनं दुसऱ्या शाळेजवळ घर घेतलं. सामान चढवायला सून खाली उतरली होती. धाकटी तिचा हात सोडेना.

महिन्याभरानं सेक्रेटरींचा मुलगा आणि सून मेकॅनिकच्याच गल्लीत राहायला गेले. परवा आजींना नर्स भेटली. सुनेला दिवस गेलेत, असं तिनं सांगितलं. ते सेक्रेटरींना आमच्याकडूनच कळलं.

दारात उभ्याउभ्या त्यांनी विचारलं, "कितवा महिना?"

ते आम्हालाही ठाऊक नव्हतं.